मदत हवी आहे: वडिलांना मधुमेह आणि रोजे ठेवायचा हट्ट. कजा, फिदया की कफ्फारा?

रजबचा_चंद्र

सर्वांना सलाम आणि नमस्कार. रमजानला अजून अवकाश आहे, तोवर घरातला एक वाद मिटवायचा आहे.

अब्बांचं वय सत्तरच्या पुढे. टाइप 2 मधुमेह जुना, गोळ्या आहेतच, आता रात्रीचं इन्सुलिनही सुरू झालंय. डॉक्टरांनी रोजे नकोत असं स्पष्ट सांगितलं. अब्बा म्हणतात, सूट आजारी माणसाला असते, मी कुठे अंथरुणाला खिळलोय? भाऊ म्हणतो, ठेवू दे, त्रास झाला तर सोडतील. त्यावर अब्बांचं उत्तर ठरलेलं: मध्येच सोडला तर साठ रोजे मानेवर बसतात, तेव्हा काहीही झालं तरी मगरिबपर्यंत (सूर्यास्तापर्यंत) ताणायचं. मला भीती वाटते ती याच वाक्याची.

तर हे साठ रोज्यांचं खरं काय? रोजे ठेवलेच नाहीत तर नंतर भरून काढायचे (कजा) की त्याबदल्यात गरजूंना अन्न, म्हणजे फिदया द्यायचा? रोज्यात बोटातून रक्त काढून शुगर तपासली किंवा इन्सुलिन टोचलं तर चालतं का? आणि त्यांच्या वतीने मी ठेवले तर?

धर्मनियमांच्या चार सुन्नी परंपरांपैकी (मजहबांपैकी) आम्ही शाफई, जवळच्या मशिदीचे इमाम हनफी, नातेवाईक दोन्हीकडचे. तिघांना विचारलं की चार उत्तरं येतात. "अल्लाहवर भरवसा ठेवा" एवढंच कृपया लिहू नका, तो आहेच.

कलमदान

आधी साठ रोज्यांचं घेऊ, कारण धोका तिथेच आहे.

साठ सलग रोजे हा कफ्फारा. रमजानचा रोजा काही कारण नसताना जाणूनबुजून मोडला, तर त्याची ती भरपाई आहे. चार मजहबांपैकी शाफई आणि हंबली मतात तर तो फक्त शरीरसंबंधाने मोडलेल्या रोज्याला लागतो. हनफी आणि मालिकी मुद्दाम खाण्यापिण्यालाही लावतात. पण आजारामुळे, जीव घाबरला म्हणून, शुगर उतरली म्हणून रोजा सोडला तर चारही मजहबांत कफ्फारा नाही. त्या दिवसाच्या बदल्यात एक दिवस, तोही ठेवता येण्यासारखा असेल तर. वडिलांना हे इमामसाहेबांच्या तोंडून ऐकू द्या. मुलांनी सांगितलेलं वडील ऐकत नाहीत, हा नियम सगळ्या मजहबांत समान आहे.

ज्या हदीसवर (पैगंबरांच्या नोंदलेल्या प्रसंगावर) कफ्फाऱ्याचा नियम उभा आहे ती बुखारी आणि मुस्लिम या दोन्ही हदीससंग्रहांत आहे. रोजा मोडलेला एक माणूस पैगंबरांकडे येतो. गुलाम मुक्त करणं त्याला जमणार नसतं, साठ रोजे जमणार नसतात, साठ गरिबांना जेवू घालायलाही जवळ काही नसतं. शेवटी पैगंबर त्याला खजुरांची टोपली देऊन वाटायला सांगतात. तो म्हणतो, आमच्याहून गरीब इथे कोण आहे? पैगंबर हसतात आणि म्हणतात, घरच्यांनाच खाऊ घाल. मोडणाऱ्यालाही जिथे इतकं सांभाळून घेतलंय, तिथे इन्सुलिनवरच्या म्हाताऱ्या माणसाला कोण वेठीला धरेल?

आता "अंथरुणाला खिळलोय का" हा मुद्दा. सूरह बकराच्या 184व्या आयतीत आजारी आणि प्रवासी दोघांना सूट आहे. फुकहांनी (धर्मनियमांच्या जाणकारांनी) आजाराचं माप असं लावलंय: रोज्याने आजार वाढेल, बरं व्हायला वेळ लागेल किंवा असह्य त्रास होईल अशी रास्त भीती असणं. चालताबोलता माणूस यात बसतो. जुन्या हनफी किताबांत विश्वासू मुसलमान हकीमाचं मत घ्यायची अट सापडते, पण आजचे बरेच उलमा कुठल्याही जाणकार डॉक्टरचा सल्ला पुरेसा मानतात.

कजा की फिदया, हे बरं होण्याची आशा आहे की नाही यावर ठरतं. आशा असेल तर कजाच, पैसे देऊन सुटका नाही. आजार कायमचा आणि रोजा पुढेही झेपणार नसेल तर फिदया.

ओपीडी_नंतर

मी फिकहमध्ये (धर्मनियमांच्या शास्त्रात) पडत नाही, वैद्यकीय बाजू तेवढी लिहितो.

बोटातून रक्ताचा थेंब काढून तपासण्याने रोजा तुटत नाही. इन्सुलिनचंही तेच. पोषण देणारं नसेल तर इंजेक्शनने रोजा तुटत नाही, असा ठराव जेद्दाच्या आंतरराष्ट्रीय इस्लामी फिकह अकादमीने 1997 मध्येच केलेला आहे. "तपासलं तर रोजा जाईल" या समजापायी लोक शुगर बघतच नाहीत आणि घेरी येऊन पडतात.

2001 मध्ये 13 देशांत झालेल्या एका मोठ्या पाहणीत रमजानमध्ये टाइप 2 च्या रुग्णांत शुगर धोकादायक उतरण्याचं प्रमाण एरवीच्या साडेसात पट दिसलं होतं. इन्सुलिन आणि सल्फोनिलयुरिया गटातल्या गोळ्यांवर हा धोका जास्त, नुसत्या मेटफॉर्मिनवर कमी. आंतरराष्ट्रीय मधुमेह महासंघाच्या 2021 च्या सूचनांत गुण देऊन धोका मोजायची पद्धत आहे. वय, औषधं, किडनी, आधी शुगर उतरली होती का, असं सगळं धरतात आणि सहाच्या वर गुण गेले तर रोजा नको म्हणतात. रमजानच्या सहा ते आठ आठवडे आधी भेट घेऊन हे करायचं असतं, म्हणजे तुम्ही वेळेत आहात. डोस मात्र घरच्या घरी बदलू नका.

दुसरी_बाजू

सगळे फिदयाकडेच निघालेत म्हणून लिहितेय. हिजरी वर्ष सौर वर्षापेक्षा साधारण 11 दिवसांनी लहान, त्यामुळे रमजान सरकत सरकत सुमारे 33 वर्षांत सगळे ऋतू फिरतो. उन्हाळ्यातला लांब रोजा झेपत नाही म्हणून हिवाळ्यातला छोटा झेपणारच नाही असं नाही. थंडीत दिवस लहान असताना, सलग न ठेवता अधूनमधून ठेवणं डॉक्टरांना मान्य असेल, तर ती कजा देणं लागतंच. वय झालं की लगेच फिदया, हे मला घाईचं वाटतं.

कलमदान

मान्य, पण "डॉक्टरांना मान्य असेल" या शब्दांवर सगळं आहे. त्यांनी बारमाही नको म्हटलं तर प्रश्न संपला. फिदया दिल्यावर तब्येत सुधारली तर मात्र हनफी मतात कजा करावी लागते. शाफईंच्या प्रचलित मतात तेव्हा दिलेला फिदया पुरतो.

रजबचा_चंद्र

खूप आभार सगळ्यांचे. साठ रोज्यांचा भाग इमामसाहेबांकडूनच वदवून घेईन. आता फिदयाचं माप आणि माझ्या रोज्यांचं सांगा. आणि अगदी मगरिबला थोडा वेळ उरला असताना शुगर उतरली तर? अब्बा तेवढ्यासाठी हटून बसतील हे मला आत्ताच दिसतंय.

कलमदान

जिवंत माणसाचा रोजा दुसरा कुणी ठेवू शकत नाही, यावर एकमत आहे. मृताचे राहिलेले रोजे वारसाने ठेवावेत अशी हदीस आहे आणि त्यावर मतभेद आहेत, पण तो तुमचा प्रश्न नाही.

फिदया म्हणजे एका रोज्यामागे एका गरजूचं जेवण. शाफई मतात एक मुद्द धान्य, म्हणजे साअ या जुन्या मापाचा चौथा भाग, आणि द्यायचं ते धान्यच. हनफी मतात अर्धा साअ गहू, सुमारे पावणेदोन किलो, किंवा तेवढी रक्कम. जवळच्या मशिदीत रक्कमच घेत असतील ती यामुळे. हनफींकडे रमजान लागल्यावर सगळ्या महिन्याचा एकदम दिला तरी चालतो. स्वतःच्या मुलानातवंडांना देता येत नाही.

ओपीडी_नंतर

शेवटच्या प्रश्नाचं उत्तर: थांबायचं नाही. शुगर 70 च्या खाली किंवा 300 च्या वर गेली की रोजा तिथेच सोडायचा, घड्याळ बघायचं नाही. थरथर, घाम, बोलण्यात गोंधळ दिसला तर आकड्याचीही वाट बघू नका. आणि हे त्यांच्याशी आधीच ठरवून ठेवा. शुगर उतरलेला माणूस त्या क्षणी नीट विचार करू शकत नाही, त्याचा हट्ट तेव्हा आणखी वाढतो.

रजबचा_चंद्र

ठरलं. पुढच्या तपासणीला भावालाही बरोबर नेतो.