वाड्याच्या दिंडी दरवाजाला व्हिडिओ डोअरबेल: आईला खाटेवरून बोलता यावं, एवढंच हवंय

यादोगोपाळ_पेठकर (सातारा)

नमस्कार मंडळी. पुण्याच्या बहिणीनं बॅटरीवर चालणारी व्हिडिओ डोअरबेल पाठवलीय. ब्रँडचं नाव मुद्दाम टाकत नाही. टाकलं की खाली त्यावरच भांडणं लागतात आणि माझं राहतं बाजूला.

घर साताऱ्यात, यादोगोपाळ पेठेत. जुना वाडा, वाटण्या होऊन आमच्याकडं पुढचा सोपा, माजघर आणि वरची माडी आली. आई पंचाहत्तरीची, दोन्ही गुडघे गेलेले, दिवसभर माजघरात खाटेवर. मी एमआयडीसीत शिफ्टला, बायको शाळेवर. दुपारी बेल वाजली की आई भिंत धरत धरत सोप्यापर्यंत येते, तोवर कुरिअरवाला 'घर बंद' असा शेरा मारून गेलेला असतो. पावसाळ्यात उंबऱ्याला पाय अडखळला होता, देवाची कृपा म्हणून नुसत्या खरचटण्यावर निभावलं. चोराचं म्हणाल तर आमच्यात नेण्यासारखं एक तांब्याचं घंगाळ आहे, तेही त्याला एकट्याला उचलणार नाही. तेव्हा चोर पकडायचा नाहीये. दारात कोण आहे हे आईला बसल्या जागी दिसावं आणि 'ठेव तिथं कट्ट्यावर' असं सांगता यावं.

आता अडचणी. भिंती पांढऱ्या मातीच्या, दीड-दोन फुटी. राउटर वर माडीवर. दिंडी दरवाजापाशी मोबाइलवर वायफायची एक काडी दिसते, तीही येते-जाते. या भिंतीत ड्रिल मारलं की भसाभसा माती येते, स्क्रू धरत नाही. दरवाजाची चौकट सागवानी, पणजोबांच्या वेळची, कोरीव, तिला भोक पाडू द्यायला आई तयार नाही आणि खरं सांगायचं तर मीही नाही. तिसरं म्हणजे बॅटरी सारखी काढून चार्ज करायचा कंटाळा. जुन्या बेलच्या तारा दाराशी आलेल्याच आहेत, त्या हिला जोडता येतील का? यूट्यूबवर एक गोरा बाबा दोन तारा स्क्रूखाली दाबतो आणि मोकळा होतो.

आणि शेवटचं. आमचा बोळ अरुंद. समोरच्या काकूंचं दार बरोबर कॅमेऱ्यात येणार. त्यांच्याशी आत्ताशी कुठं गोडीत आलंय.

मिरजेचा_वायरमन

पाहुणं, आधी त्या तारांना हात लावू नका!

तो गोरा बाबा दाखवतो ते त्याच्या घरचं. अमेरिकेत बेलसाठी वेगळा ट्रान्सफॉर्मर असतो, १६ ते २४ व्होल्ट एसी. आपल्याकडं डिंगडाँग असो की पाखरं ओरडणारी, सरळ २३० व्होल्टवर. त्याच तारा डोअरबेलला दाबल्या तर बेल जाईल, आणि अंगणात ओल असली तर माणूस. तारेवरच चालवायची असेल तर पुस्तिकेत किती व्होल्ट लिहिलेत ते बघा, आणि तेवढ्याचाच ट्रान्सफॉर्मर किंवा अडॅप्टर आत, कोरड्या जागी बसवून घ्या. काही बेल फक्त यूएसबीचे ५ व्होल्ट घेतात, त्यांना मोबाइलचं अडॅप्टर चालतं. पण बारीक वायर लांब ओढली की व्होल्टेज पडतं, हे ध्यानात ठेवा.

भिंतीचं सोपं आहे. चौकटीला हात लावायचा नाही. चौकटीच्या बाजूला सागाची चार इंची पट्टी उभी लावा, वर आणि खाली लांब स्क्रूनं, जिथं दगड किंवा भाजीव वीट लागेल तिथं. मातीतच धरायची वेळ आली तर भोक मोठं करून त्यात सिमेंटनं लाकडी खुंटी बसवा, दुसऱ्या दिवशी खुंटीत स्क्रू. बेल मग पट्टीवर. उंची जमिनीपासून चार फूट. लोक छातीच्या वर लावतात आणि मग उंबऱ्यावर ठेवलेलं पार्सल दिसत नाही म्हणून फोन करतात.

पण एक विचारू का? तुमचं काम मुळात घरातल्या घरात आहे. त्याला इंटरनेट कशाला? साधा तारेचा व्हिडिओ डोअर फोन घ्या. बाहेर कॅमेरा-बटण, आत ७ इंची स्क्रीन, मधे चार तारांची केबल: प्लस, मायनस, आवाज, चित्र. आईच्या खाटेशेजारी स्क्रीन लावायची. बटण दाबलं की त्याच क्षणी चित्र. राउटर नको, ॲप नको, पासवर्ड नको. पाहिजे तर १२ व्होल्टचं इलेक्ट्रिक लॉकही जोडता येतं, दार आतून बटणावर उघडतं.

विश्रामबागची_सून (सांगली)

पेठकर दादा, आमच्याकडं तुमच्यासारखीच बॅटरीवाली आहे, सासूबाईंसाठीच घेतली. वापरून जे कळलं ते सांगते.

वायफायला नुसत्या काड्या बघू नका. ॲपमध्ये सिग्नलचा आकडा असतो, वजा चिन्हाचा. -५० च्या आसपास उत्तम, -७० च्या खाली गेलात की चित्र अडकत अडकत येणार. बहुतेक डोअरबेल २.४ गिगाहर्ट्झवरच चालतात. त्यात वाईट काही नाही, भिंतीतून ५ पेक्षा तोच बरा जातो. राउटरवर दोन्हींचं नाव एकच असेल तर जोडणी करताना बेल हट्ट धरून बसते, तेवढ्यापुरती नावं वेगळी करा. माडीवरून एक लॅन केबल खाली सोप्यात सोडा आणि कपाटातला जुना राउटर तिथं ॲक्सेस पॉइंट म्हणून लावा, म्हणजे तारेतून आलेलं नेट तो तिथून वायफायनं पसरवतो. मातीच्या भिंतीपुढं वायफाय पकडून पुढं ढकलणारे महागडे रिपीटर हात टेकतात, केबल टेकत नाही.

बॅटरीवाली बेल सदोदित चालू नसते, हे दुकानदार सांगत नाही. ती मांजरासारखी एक डोळा उघडा ठेवून झोपलेली असते. उष्णता ओळखणाऱ्या पीआयआर सेन्सरसमोर काही हललं किंवा बटण दाबलं की जागी होते, वायफाय पकडते, मग तुमच्या फोनवर येते. यात काही सेकंद जातात आणि आपल्या कुरिअरवाल्यांना तेवढेच सेकंद पुरतात. आम्ही बेलखाली कागद चिकटवलाय: 'बटण दाबून थांबा, आतून आजी बोलतील.' त्यानं जेवढा फरक पडला तेवढा कुठल्याच सेटिंगनं पडला नाही.

खोट्या सूचनांचं म्हणाल तर बुलेट गेली, वाजलं. कुत्रं गेलं, वाजलं. कोळ्यानं कॅमेऱ्यासमोर जाळं विणलं तर रात्रभर. हालचालीचा पट्टा फक्त उंबऱ्यापुरता ठेवा आणि 'फक्त माणूस' हा पर्याय असेल तर तो. बॅटरीही त्यानंच टिकते, खोक्यावर लिहिलेले महिने निर्जन बंगल्याचे असतात. गणपतीत गल्लीतून मिरवणूक जाते तेव्हा तर सेन्सर बंदच करून टाकायचा, बटण तेवढं चालू.

आणि फोनमध्ये त्या ॲपवरचं बॅटरी वाचवण्याचं बंधन काढा. नाहीतर अँड्रॉइड त्याला झोपवतं आणि बेल वाजल्याचं संध्याकाळी कळतं.

लॉकच्या बाबतीत मात्र मिरजकरांशी माझं जमणार नाही. एकट्या म्हाताऱ्या माणसाच्या हाताशी दार उघडायचं बटण देऊ नका. 'बँकेतून आलोय आजी' म्हटलं की आमच्या सासूबाई चहासुद्धा विचारतात.

कुपवाडकर

लाइट गेल्यावर काय? हा प्रश्न कुणी विचारला नाही म्हणजे सगळे इन्व्हर्टरवाले दिसताय.

मिरजेचा_वायरमन

@कुपवाडकर, बरोबर. बेलला बॅटरी असली तरी राउटर मेला की ती मुकी. राउटरला छोटा १२ व्होल्टचा डीसी यूपीएस मिळतो, तो लावा, आणि सोप्यातल्या दुसऱ्या राउटरलाही. आतल्या खोलीत सॉकेटला खोचायचा भोंगा असतो त्यालाही लाइट लागतेच. आणि लाइट असून नेट बंद पडलं तर जुनी बेलच कामाला येते, ती काढू नका, काढायला सांगणारा वायरमन बदला.

@ताई, लॉक पाहिजे असेल तर म्हटलं, लावाच म्हटलं नाही. पण सांगतो, मूळ कल्पना तीच होती. न्यूयॉर्कच्या क्वीन्स भागात राहणाऱ्या मेरी व्हॅन ब्रिटन ब्राउन नावाच्या नर्सनं १९६६ साली नवऱ्याबरोबर पेटंटला अर्ज केला, १९६९ ला मिळालं. दाराला वेगवेगळ्या उंचीवर भोकं, मागं वर-खाली सरकणारा कॅमेरा, आत खोलीत टीव्ही, बोलायला माइक, आणि दार लांबून उघडायचं बटण. दोघांच्याही वेळीअवेळी ड्यूट्या, बाई बऱ्याचदा घरात एकटी, रात्री दार कोण वाजवतंय कळत नाही, म्हणून केलं. आपण आज ॲप-ॲप करतोय त्यातलं निम्मं तिथंच होतं.

कराडचा_काळाकोट

समोरच्या काकूंबद्दल. वैयक्तिक सल्ला समजू नका, सर्वसाधारण सांगतो.

२०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा कायद्यात माणसानं स्वतःच्या किंवा घरगुती कामासाठी केलेल्या वापराला सूट आहे. त्यामुळं आपल्या दारावर बेल लावली म्हणून लगेच काही होत नाही. पण २०१७ पासून खासगीपणा हा आपल्याकडं मूलभूत हक्क आहे, आणि शेजाऱ्याच्या खिडकीत रोखलेला कॅमेरा ही भांडणाला आयतीच जागा. इंग्लंडमध्ये ऑक्सफर्डच्या काउंटी कोर्टात २०२१ साली डोअरबेल आणि कॅमेऱ्यांवरून शेजाऱ्यांचा खटला झाला. चित्रापेक्षा आवाजाच्या रेकॉर्डिंगवर न्यायाधीश जास्त कडक होत्या, कारण आवाज फार लांबून पकडला जात होता.

तेव्हा ॲपमध्ये 'प्रायव्हसी झोन' असेल तर काकूंच्या दारावर काळा पट्टा ओढा. आवाजाचं रेकॉर्डिंग बंद ठेवता आलं तर बंद, बोलणं चालू राहिलं की झालं. तिरपी पाचर घालून बेलचं तोंड थोडं बोळाच्या वरच्या अंगाला वळवा. आणि लावायच्या आधी काकूंना घरी बोलावून फोनवर दाखवा काय दिसतं ते. नोटीस पाठवून मी पोट भरतो, तरी सांगतो.

यादोगोपाळ_पेठकर

मंडळी, बेल लागली. सगळ्यांचं थोडं थोडं ऐकलं.

सुताराकडून सागाची पट्टी करून घेतली, खाली जोत्याच्या रेषेत दगड लागला, वर खुंटी. चौकट शाबूत. जुनी बेल जागच्या जागी. माडीवरून केबल खाली आणली, सोप्यात जुना राउटर. आकडा -८० च्या घरात होता तो आता -५२ दाखवतो. बॅटरी तूर्त काढून चार्ज करतो, ट्रान्सफॉर्मरच्या भानगडीत पडलो नाही.

रात्री मात्र चेहरे काळे दिसत होते. बाजूची भिंत चुन्याची पांढरीशुभ्र, बेलचा इन्फ्रारेड उजेड तिच्यावरून उलटून कॅमेऱ्यात जायचा. पट्टीखाली पाचर घालून तोंड भिंतीपासून वळवल्यावर सुधारलं, आणि काकूंचं दारही निम्मं बाहेर गेलं. उरलेल्यावर काळा पट्टा. काकूंना दाखवलं तर म्हणाल्या, 'माझं दार दिसू दे की, मी गावाला गेले तर तुमचंच लक्ष राहील.' पट्टा तरीही ठेवलाय, काळ्याकोटवाल्यांचा मान.

आईच्या खाटेशेजारी जुना टॅब स्टँडवर, कायम चार्जिंगला. बेल वाजली की आई आधी डोक्यावर पदर घेते, मग बोलते. पलीकडच्याला तू दिसत नाहीस, म्हणून सांगून झालं. 'असू दे, मला तर तो दिसतोय' म्हणते. पोस्टमनला तिनं वाकून तोंड दाखवायला लावलं, मग ओळख पटली, मग त्याच्या मुलीच्या लग्नाची चौकशी. त्याच्या मागं दोन माणसं ताटकळलेली. भाजीवाली मावशी बटणाला हात लावत नाही, ती बोळाच्या तोंडापासूनच 'मेथीऽऽ' करत येते आणि आई इकडून टॅबमध्ये ओरडते, 'एक जुडी ठेव कट्ट्यावर!' बेल न वाजवता टॅबवर बोलायचं कसं, हे माझ्या सहावीतल्या पोरानं शिकवलंय.

सुनेच्या कागदाची आयडिया जशीच्या तशी उचलली. कुरिअरवाले थांबतात आता, सगळे नाही, पण थांबतात.

उशिराचं दुखणं राहिलंच. बटण दाबल्यापासून टॅबवर चित्र यायला वेळ जातो तो जातोच. त्यामुळं मिरजकर, तुमचा चार तारांचा डोअर फोन डोक्यातून जात नाही. ही बेल मी शिफ्टला असताना माझ्यासाठी राहील, आईला तारेचा. लॉक नको, दिंडीला आतून कडी आहे ती बरी. केबल सोप्यातून माजघरात न्यायची म्हणजे साधारण ४० फूट. कुठली घेऊ?

मिरजेचा_वायरमन

४० फुटाला ०.५ स्क्वेअर एमएमची चार कोअर, जाळीचं कवच असलेली. तांब्याचीच घ्या, तांब्याचा मुलामा दिलेली ॲल्युमिनियमची नको, सांध्याला तुटते. लाइटच्या वायरबरोबर एकाच पट्टीत घालू नका, स्पीकरमधून गुणगुण ऐकू येते आणि मग आई म्हणतील, दारात कोणीतरी कण्हतंय. ओढायच्या आधी स्क्रीन खाटेजवळ तात्पुरती धरून बघा, आडवं पडल्यावर हात पोचतो का. बसून पोचतो आणि झोपून पोचत नाही, असं बऱ्याच ठिकाणी होतं.