अठरा पूर्ण झाली की आई-बापही पालक उरत नाहीत

शाळा संपली की ऑटिस्टिक (स्वमग्न) मुलं घरात बसतात, पुढे वाटच नाही, असं म्हणतात आणि ते खरंच आहे. पण १८ पूर्ण होताच आणखी एक गोष्ट घडते, जी आमच्या ध्यानीमनीही नव्हती. कायद्याच्या लेखी आई-बाप मुलाचे पालक उरत नाहीत! भाच्याच्या खात्यावर ताई वर्षानुवर्षं सही करत होती. तो १८चा झाला आणि बँकेतल्या बाईंनी "आता त्यालाच करू दे सही" म्हणून फॉर्म परत दिला. आमच्या स्वारीची सही म्हणजे रोज नवं चित्र.

पुन्हा कायदेशीर पालक होण्यासाठी कोर्टाची पायरी चढावी लागत नाही. ऑटिझमसारख्या दिव्यांगत्वासाठी असलेल्या १९९९च्या राष्ट्रीय न्यास कायद्यानुसार जिल्ह्यासाठी स्थानिक स्तर समिती असते. तिच्यात तिघे: जिल्हाधिकारी, नोंदणीकृत संस्थेचा एक प्रतिनिधी आणि एक दिव्यांग व्यक्ती. या समितीकडे अर्ज करून कायदेशीर पालक नेमून घेता येतो. (दिव्यांगत्वाचं प्रमाणपत्र मात्र आधीच काढून ठेवा, आम्ही त्यातच अडकलो.) अर्थात सरसकट सगळ्यांनी हे करावं असं मला वाटत नाही. थोड्या मदतीने ज्याला व्यवहार जमतात त्याचा हक्कच कशाला काढून घ्यायचा? २०१६च्या दिव्यांग हक्क कायद्यात मर्यादित पालकत्व आहे, त्यात निर्णय दोघांनी मिळून घ्यायचे असतात. सध्या भाच्याला स्वतःचं एटीएम कार्ड हवंय, आणि ताई काही ऐकत नाहीये.