मदत हवी आहे: पावतीवर ‘दूरस्थ’, तोंडी ‘ऑनलाइन’

नमस्कार मंडळी, इंदूरहून, रामबागेतून लिहितोय. भाचीला नोकरी सांभाळून एमबीए करायचंय, बाहेरच्या राज्यातल्या सरकारी विद्यापीठातून. इथला एजंट तोंडाने ‘ऑनलाइन’ म्हणतो, पावतीवर मात्र निळ्या शाईत ‘दूरस्थ’! यूजीसीच्या २०२० च्या नियमांप्रमाणे ऑनलाइनला राज्याची हद्द आडवी येत नाही. दूरस्थ असेल तर राज्य विद्यापीठाचं केंद्र त्याच्याच राज्यात हवं. मग या एजंटचं हे इंदूरचं केंद्र कसलं? वर डेब-आयडीही (अशा प्रवेशासाठी विद्यार्थ्याने यूजीसीच्या पोर्टलवर काढायचा ओळख क्रमांक) हाच काढून देणार म्हणे, ओटीपी मागतोय. दिला नाही.

लग्न होऊन ती दुबईला जाणार आहे. तिथून परीक्षा देता येते का? ऑनलाइन पदवीचं अटेस्टेशन (परदेशात चालण्यासाठी लागणारं सरकारी साक्षांकन) कुणी करून घेतलंय? दहा हजार भरून बसलोय, उरलेले एजंट सोमवारी मागतोय.