मदत हवी आहे: जिनिव्हाच्या सामायिक भूजल करारातील पैशांचा हिशेब

नमस्कार. मी महाविद्यालयात भूगोल शिकवते आणि येत्या सत्रात पदव्युत्तर वर्गाला सीमेच्या दोन्ही बाजूंना पसरलेल्या भूजलाचे व्यवस्थापन शिकवायचे आहे. नद्यांच्या वाटपाविषयी आपल्याकडे पुष्कळ लिहिले गेले आहे. परंतु 1960 चा सिंधू जलकरार घ्या किंवा भारत आणि बांगलादेश यांच्यातील 1996 चा गंगा करार, दोन्हींत वाटणी झाली ती वाहत्या पाण्याची. खालच्या जलधराची, म्हणजे पाणी साठवून ठेवणाऱ्या भूस्तराची, वाटणी त्यांत नाही. म्हणून मुख्य उदाहरण म्हणून मी स्वित्झर्लंड आणि फ्रान्स यांच्यातील जिनिव्हाचा जलधर निवडला आहे, आणि तिथेच माझे घोडे अडले आहे.

मला समजलेली हकिकत अशी. हा जलधर सुमारे 19 किलोमीटर लांब आणि एक ते साडेतीन किलोमीटर रुंद, म्हणजे तसा चिंचोळाच. मोंट ब्लांकच्या बाजूने येणारी आर्व्ह नदी त्याचे नैसर्गिक पुनर्भरण करते आणि ते वर्षाला साधारण साडेसात दलघमी (दशलक्ष घनमीटर) भरते. 1970 च्या सुमारास उपसा मात्र 14 दलघमीपर्यंत गेला, म्हणजे जवळजवळ दुप्पट. वीस वर्षांत पातळी सात मीटरहून अधिक खाली गेली आणि काही विहिरी बंद कराव्या लागल्या. तेव्हा जिनिव्हा कॅन्टनने (स्वित्झर्लंडमधील प्रांताने) व्हेसी येथे कृत्रिम पुनर्भरणाचे केंद्र उभारायचे ठरवले आणि फ्रान्सच्या ओत-साव्हुआ विभागाशी 1978 मध्ये करार केला. 1980 पासून केंद्र चालू आहे. आर्व्हचे पाणी गाळून ते जमिनीखाली अंथरलेल्या सच्छिद्र नळ्यांतून मुरवले जाते आणि नदीला गढूळपणा आला की ते घेणे थांबवतात. हा तपशील मी वर्गात आवर्जून सांगणार आहे, कारण गाळाने भरलेले पाझर तलाव पाहिलेल्या आपल्या मुलांना तो चटकन पटेल.

अडचण पैशांची आहे. फ्रेंच बाजूने वर्षाला 5 दलघमीपर्यंत उपसा करावा आणि त्यातले 2 दलघमी विनामूल्य असावेत, असे करारात म्हटले आहे. हे 2 दलघमी कोणत्या आधारावर ठरले? फ्रेंच बाजू उरलेल्या पाण्याचा दर भरते की केंद्राच्या खर्चातील वाटा? मूळ मजकूर फ्रेंच आहे आणि माझे फ्रेंच शब्दकोशाच्या पुढे जात नाही. जिनिव्हा किंवा लोझान परिसरात राहणाऱ्या, अथवा जलक्षेत्रात काम करणाऱ्या जाणकारांनी कृपया प्रकाश टाकावा. तसेच ही पद्धत भारत-पाकिस्तान सीमेच्या दोन्ही बाजूंना पसरलेल्या पंजाबच्या मैदानाला लागू पडेल का, असा प्रश्न विद्यार्थी विचारणारच. त्यावरही मते वाचायला आवडतील.

प्रतिसाद 1

मॅडम, मी भूजल विभागातून निवृत्त झालो असून हा करार पूर्वी अभ्यासला होता. आपल्या प्रश्नाचे उत्तर असे की फ्रेंच बाजू जे पैसे भरते तो पाण्याचा बाजारभाव नाही. जलधरात काही पाणी फ्रेंच भूमीवरूनही नैसर्गिकरीत्या मुरते, आणि विनामूल्य हिस्सा त्याची दखल घेतो. त्यापलीकडे फ्रेंच बाजू पुनर्भरण केंद्राच्या खर्चात वाटा उचलते आणि तो वाटा काढताना तिचा एकूण उपसा व नैसर्गिक पुनर्भरणातील तिचा भाग असे दोन्ही आकडे धरले जातात. केंद्राची मालकी जिनिव्हाची आहे. थोडक्यात, पाणी कोणाच्या मालकीचे हा वाद त्यांनी बाजूला ठेवला आणि मुरवण्याचा खर्च कोणी किती सोसायचा एवढेच ठरवले. माझ्या मते कराराचे खरे शहाणपण इथे आहे. देखरेखीसाठी सहा जणांचा आयोग आहे, दोन्ही बाजूंचे तीन-तीन, आणि प्रत्येक तिघांत दोघे पाण्याचे तंत्रज्ञ असलेच पाहिजेत. मुदत संपल्यावर नवा करार झाला. तो 1 जानेवारी 2008 पासून तीस वर्षांसाठी लागू आहे आणि त्यावर फ्रेंच बाजूने तिथल्या स्थानिक संस्थांनीच सह्या केल्या आहेत.

पंजाबविषयी मात्र मी साशंक आहे. जिनिव्हाकडे थोड्याच सार्वजनिक विहिरी आहेत आणि प्रत्येकीला मीटर आहे. आपल्या पंजाबात शेतीचे सुमारे 14 लाख ट्यूबवेल आहेत, शेतीची वीज फुकट आहे आणि उपसा वार्षिक पुनर्भरणाच्या दीडपटीहून अधिक आहे. मोजमापच नसेल तर वाटा कशावरून काढणार? त्यातच एप्रिल 2025 पासून सिंधू करारच भारताने स्थगित ठेवला आहे.

प्रतिसाद 2

तुलनेसाठी जॉर्डन आणि सौदी अरेबिया यांच्यातील अल-दिसी जलधर जरूर घ्यावा. ते पाणी हजारो वर्षांपूर्वीचे आहे आणि आता त्याला जवळजवळ पुनर्भरणच नाही, त्यामुळे जिनिव्हाचे सूत्र तिथे चालणारच नाही. 2015 च्या करारात त्यांनी सीमेलगत संरक्षित पट्टा आखला, तिथले उपसे पाच वर्षांत बंद करायचे ठरवले आणि त्याला लागून असलेल्या व्यवस्थापन क्षेत्रातले पाणी केवळ नागरी वापरासाठी राखले. वर्गात दोन्ही करार शेजारी शेजारी ठेवले तर जलधराचे स्वरूप बदलले की कराराचा ढाचा कसा बदलतो हे मुलांना कळेल. दक्षिण अमेरिकेतील ग्वारानी जलधराचा 2010 चा करारही आहे, परंतु तो लागू व्हायला 2020 उजाडले आणि त्यात आकड्यांनी वाटणी नाही, म्हणून वेळ कमी असेल तर तो वगळला तरी चालेल.

धागाकर्ती

दोघांचेही मनापासून आभार. खर्चाचा वाटा म्हणजे पाण्याची किंमत नव्हे, हा मुद्दा माझ्या टिपणात पूर्णपणे निसटला होता. अल-दिसी नक्की घेते. सर, आयोगाच्या रचनेवरून एक उपप्रश्न सुचतो. आयोगाचे मत दोन्ही बाजूंना बंधनकारक असते की ते केवळ शिफारस करतात? पंजाबची चर्चा मी मीटरच्या प्रश्नापासून सुरू करीन, पण हा एक धागा सुटा राहिला तर मुले तोच पकडतील.