सायटिका : कोणत्या व्यायामाने उतार पडला? आपापले अनुभव लिहा

गणपतीचं मखर माळ्यावरून उतरवताना कंबरेत उसण भरली. दोन दिवसांत कंबर मोकळी झाली, पण कळ डाव्या कुल्ल्यातून मांडीच्या मागून पोटरीत उतरली आणि करंगळीपर्यंत मुंग्या यायला लागल्या. शिंक आली की पायातून वीज जायची. एमआरआयमध्ये एल ५-एस १ मधली, म्हणजे कंबरेच्या तळाच्या मणक्यांमधली गादी सरकून नसेला टेकलेली दिसली. घरातल्या मोठ्यांचं ऐकून आठ दिवस झोपून काढले, आणि नवव्या दिवशी उठता येईना.

फिजिओताईंनी तपासून एकच व्यायाम दिला. पालथं झोपायचं, आधी कोपरांवर आणि मग हातांवर छाती उचलायची, कंबर आणि पाय ढिले. दर दोन तासांनी १० वेळा. "कंबर थोडी जास्त दुखली तरी घाबरू नका, लक्ष पायाकडे ठेवा. कळ वर सरकली तर बरोबर चाललंय. खाली उतरली तर थांबा आणि मला फोन करा." रोज रात्री कळ जिथे संपायची तिथे मी बॉलपेनने पायावर रेघ मारायचे. पहिल्या रात्री घोट्यावर, सहाव्या रात्री पोटरीच्या मध्यावर, बाराव्या रात्री गुडघ्याच्या मागे. आंघोळीत पुसट झालेल्या आदल्या रात्रीच्या रेघा खाली राहिलेल्या दिसायच्या, त्याचा फार आधार वाटायचा.

ही पद्धत न्यूझीलंडचे फिजिओथेरपिस्ट रॉबिन मॅकेन्झी यांची. १९५६ मध्ये वेलिंग्टनला त्यांचा एक रुग्ण डोक्याकडची बाजू उचललेल्या टेबलावर तसाच पालथा पडून राहिला आणि पाच मिनिटांनी म्हणाला, पायातली कळ गेली!

तुम्हाला काय लागू पडलं आणि काय अंगाशी आलं, दोन्ही लिहा.

टेम्पोचालक, सांगली
माझ्या एमआरआयमध्ये गादी ठीक होती. फिजिओने बसायला सांगितलं आणि मागच्या खिशात हात घालून पाकीट बाहेर काढलं. लायसन्स, बिलं, चिल्लर, चांगलं दोन बोटं जाड. रोज आठ-नऊ तास त्यावर उजवा कुल्ला. आत पिरिफॉर्मिस नावाचा स्नायू आखडून नसेला दाबत होता. खुर्चीत बसून घोटा दुसऱ्या गुडघ्यावर ठेवायचा आणि पाठ सरळ ठेवून पुढे झुकायचं, ३० सेकंद, तीन वेळा. पाकीट आता डॅशबोर्डवर. पाच आठवड्यांत रात्रीची झोप परत आली.

मुलगी, आईबद्दल
आई ७१ वर्षांची. तिला मी व्हिडिओ बघून भुजंगासन करायला लावलं, ही माझी चूक. तिसऱ्या दिवशी दोन्ही पाय जड झाले. तिचा त्रास वेगळा होता : मणक्यातली जागाच अरुंद झालेली. दहा मिनिटं चाललं की पाय भरून यायचे, बसलं की मोकळे. मॉलमधली ट्रॉली ढकलताना मात्र ती वाकून आरामात चालायची, हे मी कितीदा पाहिलं होतं! तिला उताणं झोपून गुडघे पोटाशी घ्यायचा व्यायाम मानवला. नाव दोघींचं सायटिकाच, पण तुमचा व्यायाम तिला बाधला असता. तपासून घेतल्याशिवाय कुणाचंही बघून करू नका, कळकळीने सांगते.

बँक कर्मचारी, नाशिक
मी टॉवेल तळव्याला लावून पाय ताणत होतो. ताणताना बरं वाटायचं, रात्री मुंग्या दुप्पट. फिजिओ म्हणाल्या, चिडलेली नस ताणायची नाही, सरकवायची. खुर्चीत बसून गुडघा सरळ करताना मान वर, गुडघा दुमडताना मान खाली. हळूहळू १० वेळा, कळ यायच्या आधी थांबायचं.

फिजिओथेरपिस्ट, पुणे
शेक, करंट आणि वजन लावणं यांवर दहा-दहा दिवस घालवलेले रुग्ण माझ्याकडे येतात. त्याने संध्याकाळपुरता आराम पडतो. ब्रिटनच्या नाइस संस्थेच्या २०१६ च्या मार्गदर्शक सूचनांत ट्रॅक्शन (वजन लावणं), टेन्स आणि आयएफटी (करंटचे प्रकार) आणि कंबरपट्टा या दुखण्याला देऊ नये असंच म्हटलंय. बहुतेकांना सहा ते बारा आठवड्यांत बराच उतार पडतो, तोवर झेपेल तेवढं चालतं राहायचं.

गृहिणी, अकोला
एक गोष्ट कृपया सगळ्यांनी लक्षात ठेवा. माझ्या नवऱ्याला बसायच्या जागी बधिरपणा आला आणि लघवी होईना. आम्ही सकाळची वाट पाहणार होतो. शेजारच्या नर्सताईंनी रात्रीच दवाखान्यात नेलं. पहाटे ऑपरेशन झालं, म्हणून आज सगळं ठीक आहे. अशा वेळी, किंवा पाऊल लुळं पडलं तरी, व्यायाम करत बसू नका.

शेतकरी, संगमेश्वर
फिजिओ आमच्यापासून दीड तासावर, तेव्हा आठवड्यातून एकदाच जायचो. लावणीला दिवसभर वाकून राहायचं, त्यातच नस धरली होती. त्यांनी उभ्यानेच करायचा व्यायाम दिला : हात कंबरेवर ठेवून मागे वाकायचं, पाच वेळा. चिखलात पालथं कुठे झोपणार! यंदा दर ओळ संपली की बांधावर उभा राहून करायचो. पाचव्या दिवसापासून बायको आणि चुलतभाऊही करायला लागले.