'तपती' नाव वेगळं वाटतं की विचित्र? बारशाला आठच दिवस उरलेत

चोपड्याची लेक
मुलगी महिन्याची झाली. पत्रिकेत अक्षर 'ता' निघालंय, स्वातीचा चौथा चरण. त्या दिवसापासून घरात तन्वी, तनया, तनिष्का, तन्मयी एवढंच चाललंय. आमच्या गल्लीत दोन तन्वी आहेत. नणंदेच्या लेकीच्या अंगणवाडीत तर तीन.

मला 'तपती' ठेवायचंय. माझं माहेर चोपडा तालुक्यात, सासर अमळनेर तालुक्यात, मधे तापी. सातव्या महिन्यात डोहाळजेवण झालं, आई न्यायला आली, तेव्हा तिनं पुलाजवळ गाडी थांबवून खणानारळानं नदीची ओटी भरली. तिथंच मनात आलं की मुलगी झाली तर हेच नाव. तपती म्हणजे तापीच. महाभारताच्या आदिपर्वात ती सूर्याची मुलगी, संवरण राजाची राणी आणि कुरूची आई आहे. कौरव-पांडवांचं कुळ तिच्यापासून पुढे आलं.

सासऱ्यांना आवडलं. मिस्टर म्हणतात, 'ऐकायला विचित्र आहे.' नणंद म्हणते, 'कुर्र करताना माझ्याच तोंडात बसेना, पोरीच्या कानात काय सांगू?' आता नाव तर आत्यानंच ठेवायचं असतं. तुम्हाला खरंच विचित्र वाटतं का? मनापासून सांगा.

साक्रीचे गुरुजी
ताई, नाव सुंदर आहे, अर्थही सुंदर आहे. तरी ठेवू नका असंच सांगेन. एकोणीस वर्षं हजेरी घेतोय. 'तपती' लिहून द्याल आणि पहिल्याच यादीत 'तृप्ती' होऊन येईल. लिहिणाऱ्याला वाटतं आधीच्याचीच चूक असेल, म्हणून तो 'सुधारतो'. माझ्या वर्गात वेगळ्या नावाचा एक मुलगा होता. पहिलीत तो प्रत्येकाला उभा राहून सांगायचा, 'सर, असं नाही, असं.' तिसरीत चुकीच्या नावालाही 'हजर' म्हणायला लागला. ते ऐकून माझ्या पोटात कालवलं होतं. शिवाय 'ताप' हा शब्द मुलांच्या हाताशी आहेच. तुमच्या नदीचं प्रेम तुमचं आहे, हजेरी मात्र तिला द्यायची आहे.

वाघूरकाठ
गुरुजी, मग सगळ्या मुलींची नावं पूजा ठेवायची का? आपल्याकडे वर्गातली निम्मी पोरं पाटील. निकालाच्या यादीत एकाखाली एक 'पाटील पूजा' आणि बापाच्या नावावरून शोधायचं कोणती कोण. आडनाव ओळख देत नाही तिथं नावानंच ती द्यायला हवी.

आणि खान्देशाला वेगळ्या नावांचं वावडं कधीच नव्हतं. आपल्या आजोबांच्या पिढीत गावोगाव सुपडू, उखर्डू, धुडकू, नथ्थू, झिपरू होते. पोरं जगत नसायची. मग जन्मलेलं मूल सुपात घालायचं, तो सुपडू. उकिरड्यावर ठेवून परत उचलायचं, तो उखर्डू. नाक टोचायचं, तो नथ्थू. काळाची नजर पडू नये म्हणून ओबडधोबड नाव. त्या प्रत्येक नावामागं एका आईचा नवस होता. आजच्या रेयांश, कियांशला कोणता धातू, कोणता अर्थ, हे ठेवणाऱ्यालाही सांगता येत नाही. विचित्र म्हणायचं तर त्यांना म्हणा. तपतीमागं नदी आहे, आईनं भरलेली ओटी आहे. ताई, बिनधास्त ठेवा.

एरंडोलचा नातू
वाघूरकाठ, तुमचं उदाहरण तुमच्यावरच उलटतं. माझे आजोबा उखर्डू होते. नोकरीला लागले तसे ते सहीत फक्त पहिलं अक्षर आणि आडनाव लिहू लागले. आजीनं कधी त्यांचं नाव घेतलं नाही ते रीतीनं, पण त्यांनीही कुणाला घेऊ दिलं नाही. नवस पणजीचा होता, ती फेडून मोकळी झाली. ते नाव आजोबांनी जन्मभर खिशात लपवून ठेवलं. आईबापाची भावना कितीही खरी असली तरी तिचं ओझं मुलानं का वाहायचं? हा माझा प्रश्न ताईंनाही आहे.

वाघूरकाठ
हे मला माहीत नव्हतं. आजोबांबद्दल वाईट वाटलं. तरी फरक आहे दादा. उखर्डू हे नाव मुद्दाम हलकं ठेवलेलं होतं. तपतीत लपवावं असं काय आहे?

यावलची मावशी
एक गोष्ट कुणीच बोललं नाही. नाव आजीच्या तोंडी बसतं का? आपल्याकडे 'ळ'चा 'य' होतो. केळीची केयी, डोळ्याचा डोया, शाळेची शाया. 'ण'चा 'न' होतो, पाण्याचं पानी. माझ्या भाचीनं हौसेनं मुलीचं नाव 'निळाई' ठेवलं. पणजी बिचारी 'नियाई' म्हणते. भाची दर वेळी तिला दुरुस्त करते. शेवटी म्हातारीनं नाव घेणंच सोडलं, नुसतं 'ओ बाई' म्हणते. मला ते फार लागलं. जिच्या मांडीवर पोर वाढतंय तिलाच त्याचं नाव घ्यायची चोरी!

आपल्या बहिणाबाई घ्या. असोद्याच्या, अक्षरओळख नाही, पण मुलांची नावं ओंकार, सोपान, काशी. तिन्ही घरातल्या ओव्या-अभंगांतली, तिन्ही कुणाच्याही जिभेवर सहज येणारी. पुढे त्याच सोपानदेवांनी आईच्या ओव्या उतरवून घेतल्या म्हणून आपल्याला त्या मिळाल्या. बहिणाबाईंना आपण बहिणाई म्हणतो, गावात बहिनाई म्हणतात, तरी काही बिघडत नाही.

तपतीत 'ळ' नाही, 'ण' नाही, 'ज्ञ' नाही. माझ्याकडून पास. वेगळं नाव हवं तर असं हवं.

उधन्यातला अमळनेरकर
सुरतेहून लिहितोय. ताई, इथं हे नाव कुणाला विचित्र वाटणार नाही. तीच नदी इथं समुद्राला मिळते. २००७पासून तिच्या नावाचा जिल्हाही आहे. आषाढ शुद्ध सप्तमीला तापीची जयंती करतात. अडचण वेगळीच आहे. इथं लोक सरळ 'ताप्ती' म्हणतील आणि हिंदीवाल्यांना 'तपती' म्हटलं की तापलेली दुपार आठवेल. इंग्रजी स्पेलिंगमध्ये तपती, तापती, ताप्ती तिन्ही बसतात. माझ्या मुलाच्या नावात एक 'ए' जास्त पडला तर आधार आणि शाळेचा दाखला जुळवायला दोन दिवाळ्या गेल्या. काय ते एकच स्पेलिंग आधी ठरवा आणि पहिल्या कागदापासून तेच ठेवा.

त्यापेक्षा शिरपूरच्या नदीचं 'अरुणावती' का नको? घरात अरुणा म्हणता येईल. तेही कुणाचं नसतं आणि कुणाला अडत नाही. अक्षराचं मात्र जमणार नाही.

नोंदणीतला माणूस
मी ग्रामपंचायतीत जन्म-मृत्यू नोंदीचं काम केलंय म्हणून थोडं सांगतो. बारशाची तारीख आणि कागदाची तारीख यांची गल्लत करू नका. जन्माची नोंद २१ दिवसांत करायची असते, ती नावाशिवायही होते. नाव नंतर घालता येतं, १२ महिन्यांपर्यंत बिनशुल्क आणि पुढे विलंब शुल्क भरून १५ वर्षांपर्यंत. पण एकदा घातलेलं नाव बदलायला गेलात की तो वेगळा आणि लांबचा रस्ता. म्हणून घाईत काही लिहून देऊ नका. आठ दिवसांत मन झालं नाही तर पाळण्यात एक नाव ठेवा आणि कागद कोरा राहू द्या.

दुसरं, १ मे २०२४ नंतर जन्मलेल्या मुलांचं नाव सरकारी कागदांवर मुलाचं नाव, आईचं, वडिलांचं आणि मग आडनाव असं लिहायचं आहे. म्हणजे तपतीच्या लगेच पुढे तुमचं नाव येणार. दोन्ही सलग मोठ्यानं म्हणून बघा. तिथं अडखळायला होत असेल तर ते आत्ताच कळेल.

चोपड्याची लेक
सगळ्यांचे आभार. गुरुजी, तुमच्या त्या 'हजर'नं रात्री झोप लागली नाही. एरंडोलच्या दादांचा प्रश्नही मी मिस्टरांना वाचून दाखवला. नाव माझ्या हौसेसाठी ठेवतेय का, हे मी स्वतःला चार वेळा विचारलं. थोडं आहेच. पण मला वाटतं, पुढे ती पुण्यात राहो की परदेशात, कुणी 'हे कसलं नाव?' म्हणालं तर तिला सांगायला एक नदी असेल. तन्वीकडे ते नाही. तन्वी वाईट आहे असं नाही, पण त्यात आमचं काही नाही.

मावशी, काल तुमची परीक्षा घेतली. आजेसासूबाई पंच्याऐंशीच्या आहेत, अहिराणीशिवाय बोलत नाहीत. फोनवर नाव सांगितलं. पहिल्यांदा ऐकू गेलं नाही. दुसऱ्यांदा म्हणाल्या, 'तपती? म्हंजे आपली तापीमाय ना?' आणि मग पाळण्याशी बोलावं तसं तीन-चारदा म्हणाल्या. एकदाही अडखळल्या नाहीत. नणंद तिथंच होती, ती काही बोलली नाही.

मिस्टर अजून तयार नाहीत. त्यांना तृप्तीचीच भीती आहे. आम्ही असं ठरवलंय की आठ दिवस घरात तिला याच नावानं हाक मारायची आणि कागदावर तूर्त काही लिहायचं नाही.

साक्रीचे गुरुजी
ताई, आजीचं ऐकून बरं वाटलं. माझं मत बदललेलं नाही. घरच्यांनी हाक मारून काही कळणार नाही, तुम्ही प्रेमानं बरोबरच म्हणाल. शेजारच्या दुसरी-तिसरीतल्या चार पोरांना एकदाच नाव सांगा आणि दुसऱ्या दिवशी विचारा, बाळाचं नाव काय. चौघांपैकी किती जण तपती म्हणाले, ते इथं लिहा.