लय आटोक्यातली, तरी लावणीत पाऊल पुढे का धावते?

प्रश्न (घुंगरू):
मी काही वर्षांपासून कथक शिकते आहे आणि त्रितालात चौगुनीपर्यंतचा (चौपट गतीपर्यंतचा) तत्कार, म्हणजे बोलांवरचे मूळ पदकाम, मला स्वच्छ जमतो. परंतु संस्थेच्या कार्यक्रमासाठी लावणी बसवायला घेतल्यापासून, गाणे त्या मानाने संथ असूनही, माझे पाऊल ढोलकीच्या किंचित आधी पडते. हा दोष लयीचा समजावा की तालाचा?

उत्तर (ठेका):
माझ्या मते दोष वजनाचा, म्हणजे कोणत्या मात्रेवर किती जोर द्यायचा याचा आहे. त्रितालाच्या 16 मात्रा चार-चारच्या विभागांत वाटलेल्या असतात, नवव्या मात्रेवर काल (टाळीविना खाली जागा) येतो आणि नर्तकाची सारी ओढ दूरच्या समेकडे, म्हणजे पुढच्या फेरीच्या पहिल्या मात्रेकडे असते. लावणीचा ठेका बहुधा 8 मात्रांचा, आवर्तन (तालाची एक फेरी) आखूड, त्यामुळे समेची वाट पाहण्याइतकी उसंतच मिळत नाही. त्यात ढोलकीवाला दोन मात्रांच्या मधल्या जागी असा काही ठोका देतो, की सर्व आघात सारखे देण्याची सवय झालेले पाऊल त्यालाच मात्रा समजून पुढे धावते. काही दिवस नुसती ढोलकी ऐकत हाताने टाळी धरा, मग फक्त समेवर पाय द्या आणि उरलेल्या मात्रा कमरेच्या लचकीत मोजा.

उत्तर (दर्या):
वरील उत्तर पटते, पण संथ लय सोपी असते हे प्रश्नातले गृहीतक मला मान्य नाही. बैठकीच्या लावणीत कलावंत बसूनच अदा करते. तिथे पायांचा आधार नसतो आणि एकच ओळ पुन्हा पुन्हा घेताना प्रत्येक वेळी नजर, मान व हात यांनीच मात्रांमधली जागा भरावी लागते.

तालाचा परिणाम पाहायचा असेल तर कोळीनृत्याचा 6 मात्रांचा झोका घ्या. पाय आळीपाळीने टाकले, तर पहिली मात्रा उजव्यावर आणि चौथी आपोआप डाव्यावर येते, म्हणून अंग न शिकवताही डुलते. चारच्या विभागात ही सोय नाही. म्हणूनच तत्कारात चौथ्या मात्रेला डावा पाय पडल्यावर पाचवीलाही डावाच घ्यावा लागतो.

घुंगरू:
आभारी आहे. मोबाइलवरील लयमापक हेच गाणे कधी मिनिटाला 80, तर कधी 160 दाखवतो. कोणता आकडा धरावा?

ठेका:
दोन्ही बरोबर आहेत. एक ठाय (मूळ लय), दुसरा दुगुन (दुप्पट लय). पाय 80 वर ठेवा आणि 160 घुंगरांवर सोडा.